आव्यातून बिघडून निघालेल्या मालाचे करायचे काय?

मृगाच्या दोन सरी पडल्या की धुळे-जळगावच्या रस्त्याकडेला मांडलेल्या माठांच्या रांगा एकाएकी पोरक्या दिसू लागतात. आखाजीच्या आधी ज्या माठासाठी गिऱ्हाईक घासाघीस करीत उभे होते, त्याच माठाकडे आता कोणी ढुंकूनही पाहत नाही. आणि या रांगेच्या मागे डोकावले तर आणखी एक ढीग दिसतो. काठ उडालेले, तळाला चीर पडलेले, एका अंगाला बसलेले, भाजताना काळेठिक्कर पडलेले माठ, रांजण, घागरी आणि कुंड्या. विकाऊ मालाचा हिशोब वहीत असतो. हा मागचा ढीग कोणाच्याच वहीत नसतो. एके दिवशी तो टेम्पोत भरून नाल्यात ओतला जातो आणि वर टेम्पोचे भाडे अंगावर पडते.

खान्देशात चाकावर बसणारा कारागीर प्रामुख्याने कुंभार समाजाचा आहे. परंतु आव्यातून बाहेर पडलेला माल पुढे ज्यांच्या हातांतून जातो त्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. हातगाडीवाले, टेम्पोवाले, क्रोकरीचे दुकानदार, भंगारवाले, तंदूर बसवणारे, गच्चीचा कोबा करणारे गवंडी. कच्छमधील खावडा येथे आणि उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे तर चाकावरही मुसलमान कारागीर बसतात. तेव्हा बिघडलेल्या मालाचा प्रश्न हा एकट्या कुंभाराचा नाही. तो साऱ्या साखळीचा आहे आणि नुकसानीचे खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे, यावरून दर हंगामात कटकटी होतात त्याही याच साखळीत.

पाण्याची साधी परीक्षा

पहिली गोष्ट, सगळा बिघडलेला माल एकसारखा नसतो. चाकावरून उतरलेले, उन्हात वाळलेले पण आव्यात न गेलेले मडके फुटले तर कारागिराची फक्त मेहनत जाते, माती जात नाही. त्याचे तुकडे पाण्यात भिजत टाकावेत, दोन दिवसांत पुन्हा लगदा होतो. अर्धवट ओले तुकडे मात्र भिजवू नयेत. ते पूर्ण वाळले म्हणजेच पाण्यात सुटतात, ओलसर असताना टाकले तर गोळे तसेच राहतात.

आव्यात सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या पुढे गेलेल्या मातीचे गणित वेगळे आहे. मातीच्या कणांशी जखडलेले पाणी त्या उष्णतेत निघून जाते आणि ती माती पुन्हा कधीही चिखल होत नाही. काही तुकडे आच न पोचलेल्या बाजूचे असतात, त्यांचा निवाडा डोळ्यांनी होत नाही. अशा वेळी एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवावा. सकाळी बोटाने दाबला असता तो मऊ लागला तर ती माती आहे, लगद्यात टाका. कडक राहिला तर ते खापर आहे, त्याची वाट वेगळी.

कुल्हड आणि पणत्या फेकल्या की लगेच मातीत मिसळून जातात, असे पुष्कळ लोक बोलतात. २००४ साली तत्कालीन रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी रेल्वे स्थानकांवर कुल्हड आणले तेव्हाही हेच बोलले जात होते. वस्तुस्थिती तशी नाही. चाळीसगाव तालुक्यातील गिरणाकाठच्या बहाळ येथे आणि तापीकाठच्या प्रकाशे येथे पुरातत्त्व खात्याने १९५० च्या दशकात उत्खनन केले. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची खापरे निघाली, रंगासकट. तापीकाठच्याच सावळदा गावावरून तर एका प्राचीन मृद्भांड्यांच्या प्रकाराला नाव पडले आहे. आज आपण नाल्यात ओतलेला माठ साडेतीन हजार वर्षांनीही तिथेच असणार आहे. फुकटात टिकणारा एवढा कडक माल आपण भाडे देऊन टाकून येतो, हा सौदा कुठल्या हिशोबात बसतो?

आपल्या मातीतील चुन्याची खोडी

खान्देशातील मालात एक दोष विशेष आढळतो आणि सर्वांत जास्त भांडणे त्याच्यामुळेच होतात. माठ आव्यातून चांगला निघतो. बोटाने वाजवला तर खणखणीत. दुकानदार समाधानाने घेतो, गिऱ्हाईक समाधानाने नेते. आठ-पंधरा दिवसांनी माठाच्या अंगावरून बोटाच्या पेराएवढा पापुद्रा उडतो आणि खड्ड्याच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका दिसतो. मग गिऱ्हाईक दुकानदाराला, दुकानदार कुंभाराला बोल लावतो. कुंभार म्हणतो, माझ्याकडून निघाला तेव्हा माल चोख होता. आणि तो खोटे बोलत नसतो.

तो पांढरा ठिपका म्हणजे चुना. आपल्याकडील काळ्या जमिनीत आणि नदी-तलावांच्या गाळात चुनखडीचे बारीक खडे असतात. आच साधारण ८०० अंशांच्या पलीकडे गेली की चुनखडीचा कळीचा चुना बनतो. तो मडक्याच्या अंगात गुपचूप बसून राहतो, हवेतील दमट ओल हळूहळू शोषून घेतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा फोडून बाहेर येतो. पावसाळा तोंडावर असताना भाजलेल्या मालात हा प्रकार अधिक दिसतो, याचे कारण हेच.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. माती पातळ कालवून बारीक चाळणीतून किंवा जाड कापडातून गाळून घेतली तर मोठे खडे मागे राहतात. एक मिलिमीटरच्या वरचे खडेच खरा घात करतात. गाळणे शक्य नसेल तर आव्यातून काढलेला, हाताला सोसेल इतका निवालेला माल लगेच पाण्यात बुडवून ठेवावा. चुना एकदम भरपूर पाण्यात विरला की मऊ पडतो आणि जोर करीत नाही. लिंबाएवढा खडा असेल तर यानेही भागणार नाही, पण बारीक कणांचा उपद्रव खूपच कमी होतो. मातीत शेकडा अर्धा ते एक भाग मीठ मिसळण्याची युक्तीही जुनी आहे. मात्र ती आधी पाच-दहा नगांवर करून पाहावी, कारण मीठ जास्त झाले की भांड्यावर पांढरी बुरशीसारखी खार फुटते.

दुकानदारांसाठी यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. नवा माल आला की तो त्याच दिवशी विकायला काढू नये. दोन-तीन नग भिजवून आठवडाभर बाजूला ठेवावेत. त्यांच्यावर पापुद्रा उडाला तर सगळ्या लॉटची खोडी वेळेवर कळते, आणि कुंभाराशी बोलणे गिऱ्हाईक तक्रार घेऊन येण्याआधी करता येते. आम्ही ओळखीच्या काही दुकानदारांना हे सुचवले तेव्हा त्यांनी हंगामात एवढा धीर कोणाला असतो, असे म्हणून हसण्यावारी नेले. हरकत नाही. पुढे माल परत घेताना तोच आठवडा दुपटीने जातो.

मेण आणि गेरू

आता नाजूक विषयाकडे येऊ. चीर पडलेल्या माठाचे बाजारात काय होते हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. चिरेत मेण किंवा सिमेंटची पेस्ट भरतात, वरून गेरूचा हात मारतात, कोणी तर सरळ लाल ऑइलपेंट लावतो. माठ नव्यासारखा दिसतो. ऑइलपेंटने मातीची छिद्रेच बुजतात. मग पाणी झिरपत नाही, झिरपले नाही की वाफ होत नाही आणि वाफ झाली नाही की पाणी गार होत नाही. म्हणजे ज्या एका गुणासाठी गिऱ्हाईकाने माठ घेतला तोच गुण आपण रंगाच्या डब्याने मारून टाकलेला असतो. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला असा रंग लावणे धोक्याचे आहे ते वेगळेच.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. तरुणपणी वडिलांच्या दुकानावर बसत असताना तेरा माठांच्या चिरा मीच मेणाने बुजवल्या होत्या आणि त्यांतला एक रमजानच्या पहिल्या आठवड्यात एका मोलकरीण बाईला पूर्ण भावाने विकला होता. उन्हाने मेण वितळले आणि रात्रभरात तिच्या घरात पाणीच पाणी झाले. ती माठ घेऊन आली तेव्हा भांडायला आली नव्हती, दुसरा घ्यायला पैसे नाहीत एवढेच सांगायला आली होती. वडिलांनी तिला चांगला माठ दिला, पैसेही परत केले. मग उरलेले बारा माठ बाहेर काढायला लावून प्रत्येकावर खडूने फुली मारली आणि ते कुंडी म्हणून निम्म्या भावाने लावले. चार दिवसांत सगळे गेले. घेणाऱ्यांना चीर चालत होती, फक्त आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते.

पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात हात घालून पाहिल्याचा आणि आत ओल लागल्याचा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असा सवाल आप (स.) यांनी केला आणि फसवणूक करणाऱ्याविषयी सक्त शब्दांत नापसंती व्यक्त केली. या प्रसंगात लक्षात घेण्यासारखी बाब अशी की ओले धान्य विकू नका असे तिथे म्हटलेले नाही. ते दिसेल असे ठेवा, एवढीच मागणी आहे. फिक्हमध्ये यालाच धरून खियार-ए-ऐबचा नियम आहे. घेताना न दाखवलेला दोष नंतर निघाला तर खरेदीदाराला सौदा मोडण्याचा हक्क राहतो. दोष दाखवून, समजावून विकला तर तो हक्क उरत नाही आणि दुकानदारही मोकळा होतो. तेव्हा दोष सांगणे हे गिऱ्हाईकाच्या भल्याचे आहे तसे दुकानदाराच्याही भल्याचे आहे. चुन्याच्या पापुद्र्याच्या बाबतीत तर दुकानदारालाही दोष आधी ठाऊक नसतो, तरीदेखील माल परत घेणे त्याच्यावर येते. म्हणून कुंभाराशी सौदा करतानाच पापुद्रा उडालेल्या मालाचे काय, हे ठरवून घ्यावे.

कोणत्या मालाला कोणते गिऱ्हाईक

दुकानाच्या मागे एकच ढीग ठेवण्याऐवजी माल आला त्याच दिवशी तो वेगवेगळा लावावा. पाणी धरतो पण दिसायला वाकडा, डागाळलेला, असा माल दुय्यम म्हणून उघड कमी भावाने विकावा. गरीब वस्तीतला माणूस वाकडा माठ आनंदाने नेतो, कारण गार पाणी वाकड्या माठातही तेवढेच गार होते. क्रोकरीत सेकंड माल किलोवर विकण्याची पद्धत आहेच, ती माठांना लावायला काय हरकत आहे?

जास्त पाझरणारा माठ घरात चालत नाही, पण शेताच्या बांधावर त्याची किंमत आहे. रोपाशेजारी माठ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरायचा आणि तोंडावर झाकण ठेवायचे. मातीला लागेल तेवढेच पाणी माठातून झिरपत राहते. चीनमधील फान शेंग-ची या शेतीलेखकाने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ही पद्धत लिहून ठेवली होती, आणि कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात तिच्यावर प्रयोग झाले. जळगाव जिल्हा म्हणजे ठिबकचे माहेरघर, इथे मटका सिंचन काय सांगता, असे कोणी म्हणेल. पाच एकर केळीला ते नाहीच. परंतु घरामागची चार झाडे, कब्रस्तानात किंवा शाळेच्या आवारात लावलेली रोपे, जिथे नळी आणि मोटर नेणे परवडत नाही, तिथे हा माठ उन्हाळा काढून देतो. तळाला चीर असलेला माठ मात्र यासाठी देऊ नये, तो एका तासात रिकामा होतो.

तळ गेलेल्या, चिरलेल्या मडक्यांना गच्चीवर जागा आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा स्लॅबखालच्या खोलीत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. वॉटरप्रूफिंग झालेल्या स्लॅबवर मडकी पालथी मांडून मधल्या फटी हलक्या कोब्याने भरायच्या आणि वर फरशी बसवायची, ही जुनी रीत आहे. मडक्यातील कोंडलेली हवा उष्णता खाली उतरू देत नाही. पालथ्या घड्यावर पाणी या म्हणीची इथे कोणालाच अडचण नाही, पाणी धरायचेच नसते. फक्त सगळी मडकी एका उंचीची हवीत आणि स्लॅबला वजन पेलेल की नाही, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालू नये. आपल्या गवंडी बांधवांनी एखाद्या खोलीवर करून दाखवले तर गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.

चकचकीत क्रोकरी आणि टाइल्सचे तुकडे वेगळे ठेवावेत. ते लाल खापरात मिसळले की दोन्ही माल वाया जातात. पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक गच्चीवर ऊन परतवतो, त्याला मागणी टिकून आहे. झिलई उडालेली किंवा तडकलेली बरणी लोणच्यासाठी, सिरक्यासाठी कोणालाही विकू नये. काही स्वस्त झिलईत शिसे असते आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो.

खापराची भुकटी

यातून उरते ते निव्वळ खापर. आपल्या भागात खापर म्हटले की चुलीवर पालथी घातलेली ती मोठी गोल परात आणि तिच्यावरची पुरणपोळी आठवते. ते खापर रोज आगीवर तापून-निवूनही तडकत का नाही, याचा विचार केला तर भुकटीचा उपयोग समजतो. भाजलेल्या मातीची भरड नव्या मातीत मिसळली की ती माती वाळताना कमी आकसते, चिरा कमी पडतात आणि एकदम आच लागली तरी भांडे सोसते. साधारण शेकडा दहा ते वीस भाग भुकटी घालून सुरुवात करावी. चाकावर ओढायची असेल तर बारीक चाळलेली, आणि हाताने थापायच्या जाड मालाला भरड चालते.

आपल्या बांधवांचा इथे थेट संबंध तंदूरशी येतो. हॉटेलातला तंदूर हा चिकणमाती आणि बकऱ्याच्या केसांसारख्या दोऱ्याच्या मिश्रणातून बनतो. त्यात खापराची भरड पडली की आतला थर लवकर फुटत नाही. धुळे-जळगावात तंदूर बसवणारे, डागडुजी करणारे आहेत आणि माठवालेही आहेत. एकाच्या दारात भरड लागते, दुसऱ्याच्या दारात ठिकऱ्यांचा ढीग पडलेला असतो, मध्ये एका हातगाडीचे अंतर आहे. रमजानमध्ये फिरनीच्या मातीच्या वाट्या हजारोंनी वापरून टाकल्या जातात. त्या धुऊन पुन्हा खाण्यासाठी वापरणे योग्य नाही, कारण छिद्रांत दूध मुरलेले असते. पण त्या गोळा केल्या तर भुकटीसाठी उत्तम, पातळ असल्याने लवकर कुटल्या जातात.

खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१९ च्या अखेरीस वाराणसीजवळच्या सेवापुरी येथे फुटकी मातीची भांडी दळण्याचे यंत्र बसवले, ते याच विचाराने. त्यापूर्वी हे काम खलबत्त्यात होत असे. आपल्याकडे असे यंत्र एकट्या कारागिराला परवडणार नाही, पण पाच-सात जणांनी मिळून घेतले, किंवा विटा-चुना दळणाऱ्या एखाद्या चक्कीवाल्याशी बोलणे केले तर जमण्यासारखे आहे. एक सक्त सूचना. ही धूळ फुप्फुसांत बसते आणि तिचा आजार बरा होत नाही. खापर ओले करून दळावे, तोंडाला मास्क बांधावा आणि पोरांना या कामाला लावू नये.

भुकटीचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे सुरखी. सिमेंट येण्यापूर्वी चुना आणि सुरखी हाच पक्क्या बांधकामाचा मसाला होता. १८९५ चे मुल्लापेरियार धरण त्यातच बांधले आहे आणि म्हैसूरचे कृष्णराजसागरही. त्या दुसऱ्या धरणाचे मुख्य अभियंता विश्वेश्वरय्या यांच्या नोकरीची सुरुवात १८८४ नंतर आपल्या खान्देशातच झाली होती, धुळ्याकडे पांझरेच्या पाण्यासाठी पाइपांचा सायफन टाकण्याच्या कामावर. सुरखीची खुबी अशी की ६०० ते ८०० अंशांवर भाजलेली माती चुन्याशी जास्त चांगली धरते. जास्त भाजून काळी पडलेली, काचेसारखी झालेली माती त्या कामाला फारशी येत नाही. म्हणजे बाजारात बदबद वाजतो म्हणून नाकारला गेलेला कमी भाजलेला माठ सुरखीसाठी अव्वल ठरतो आणि काळा पडलेला माल भरडीला द्यावा. सूरह अर-रहमानमध्ये माणसाच्या उत्पत्तीसंबंधी ठिकरीसारख्या खणखणणाऱ्या मातीचा दाखला आला आहे. माठ वाजवून घेणाऱ्या गिऱ्हाईकाला तो आवाज चांगलाच ओळखीचा असतो. सुरखीवाल्याने मात्र बदबद आवाज ऐकून खूश व्हावे. जुन्या मशिदी, दर्गे, वाडे यांच्या दुरुस्तीत सिमेंट चालत नाही, तिथे चुना-सुरखीच लागते. भाजलेल्या मातीच्या अशा भुकटीसाठी भारतीय मानक संस्थेचे १३४४ क्रमांकाचे मानक आहे. सरकारी कामाला माल द्यायचा तर त्याची विचारणा होईल.

चांगला पण न खपलेला माल

हंगाम संपल्यावर धास्तीने चांगला माल मातीमोल काढू नये. मातीचे भांडे शिळे होत नाही. कोरडी जागा पाहून, जमिनीवर फळ्या टाकून, तोंडे खाली करून रचावे, ओलीत ठेवले तर बुरशी आणि खार धरते. माठ नसला तरी छोट्या मालाला पुढे सण आहेत. पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडे. माठ मागे पडला असेल तर पुढच्या ऑर्डरचा तोल या मालाकडे वळवण्याविषयी कुंभाराशी पावसाळ्यातच बोलावे. लोबानदाण्या आणि धूपाटणी यांना आपल्या वस्तीत बारमाही मागणी आहे, पण त्या तशा बनवून घेतो कोण? २०१८ साली राज्यात आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली. चहावाल्यांकडे कुल्हड वाढले ते तेव्हापासून. तिथेही खेप मोजून घेताना तडकलेले नग वेगळे काढण्याची सवय लावावी.

जकातीचा हिशोब करताना या ढिगाचे काय, असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. व्यापारी मालाची किंमत जकातीच्या दिवशी बाजारात जी येईल ती धरतात, खरेदीची नव्हे. तेव्हा पडून असलेला माठ आजच्या पडत्या भावाने आणि ठिकऱ्यांचा ढीग भंगाराच्या भावाने धरून अडीच टक्के काढावेत. खास अडचण असेल तर आपल्या भागातील मुफ्तीसाहेबांना विचारावे. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. तडकलेले, गळके माठ मदरशाला किंवा मशिदीला पाठवून ते खैरातीच्या वहीत मांडण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. सूरह बकरातील २६७ व्या आयतीत नेमके हेच बजावले आहे. स्वतःला कोणी दिले तर डोळे झाकल्याशिवाय घेणार नाही, असा निकृष्ट माल निवडून अल्लाहच्या मार्गात देऊ नये. द्यायचा तर पाणी धरणारा, तोटी बसवलेला माठ द्यावा. फुटका माल फुटका म्हणून विकावा आणि आलेले पैसे द्यावेत.

क्रोकरीवाल्यांसाठी दोन शब्द

बाहेरगावाहून ट्रान्सपोर्टने माल मागवणाऱ्यांनी बिल्टीवर ओनर्स रिस्क लिहिले आहे का ते पाहावे. लिहिले असेल तर फूटतुटीची भरपाई मिळवणे अवघड जाते. पेटी उघडताना ट्रान्सपोर्टच्या माणसासमोर उघडावी आणि फुटलेले नग बिल्टीच्या प्रतीवर तिथेच लिहून घ्यावेत. दुकानात नेऊन दोन दिवसांनी केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

कराची बाबही आहे. साध्या मातीच्या मडक्यांवर जीएसटी नाही, पण क्रोकरीवर आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार नष्ट झालेल्या किंवा हिशोबातून काढून टाकलेल्या मालावरील इनपुट क्रेडिट मिळत नाही, घेतले असेल तर परत करावे लागते. तोच फुटका माल बिल करून चायना मोझॅकवाल्याला किंवा भंगारवाल्याला विकला तर तो विक्रीत येतो. पुष्कळ छोटे दुकानदार फुटका माल गुपचूप फेकतात आणि वर्षअखेरीस साठ्याचा मेळ बसत नाही म्हणून घाबरतात. आपल्या कर सल्लागाराला हे मार्चमध्ये नव्हे, आताच विचारावे.

कारागिरांनी पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचा विचार करावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे, तसेच राजमिस्त्रीचे कामही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत आणि कर्ज पहिल्या टप्प्यात एक लाख, दुसऱ्यात दोन लाख रुपयांपर्यंत, पाच टक्के व्याजाने. व्याजाच्या प्रश्नामुळे ज्यांना कर्ज नको त्यांना प्रशिक्षण आणि अवजारांची मदत घेता येते. चाळण्या, मोठे हौद आणि तापमान दाखवणारा एक मीटर एवढे जरी आले तरी बिघडणारा माल बराच कमी होईल.

हा अंक हातात पडेपर्यंत दुकानामागचा ढीग भिजायला लागलेला असेल. ओल्या खापराचे वजन वाढते आणि भुकटीवाला वजनावर भाव देतो, म्हणून तो आधी कोरडा होऊ द्यावा, नंतर काटा करावा.